चारशे खणांचा संसार

नांदेड असो की लातूर, ज्या घरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एखादं लग्न झालं, त्या घरात लग्नाची डीव्हीडी असतेच. ती कुठं आहे हे घरातल्या बाईला डोळे मिटून सांगता येतं. कपाटातला लॉकरखालचा खण, खणात शालू, शालूखाली सोनाराच्या पावत्या आणि पावत्यांखाली डीव्हीडी. डबीवर नवरा-नवरीचा बदामाच्या आकारात कापलेला फोटो, पाठीमागं स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर. लग्न कंधारला, मे महिन्यात लागलेलं. ही डिस्क इतकी जपलेली असते, की लग्नाच्या वर्षानंतर ती कुणी बघितलेलीच नसते. आणि आता बघायची म्हटलं तरी कशावर बघणार? प्लेअर भंगारवाल्यानं किलोवर नेला. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नाही. टीव्हीच्या पाठीमागं लाल, पांढरं, पिवळं अशी तीन भोकं असायची, तीही कंपन्यांनी बुजवून टाकली.

ज्या डिस्का कपाटात गेल्या नाहीत, त्या रानात गेल्या. ज्वारी हुरड्यात आली की नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यात बांधाकडंला दोऱ्या ताणलेल्या दिसतात आणि दोऱ्यांना चकत्या टांगलेल्या. वाऱ्यानं फिरतात, उन्हात चमकतात. पाखरं दोन दिवस घाबरतात. तिसऱ्या दिवसापासून दोरीवर बसून ज्वारी खातात. गोफणीचं काम तीन सिनेमे, एक कीर्तन आणि बारावी फिजिक्सच्या नोट्स मिळून करतात, पण गोफणीइतकं नीट नाही.

तिसरी जात दवाखान्यातली. नांदेडला उपचारासाठी हिंगोली-परभणीकडून आणि पलीकडं तेलंगणातून माणसं येतात. एमआरआय केला की फिल्मबरोबर पाकिटात एक सीडी मिळते. पेशंटचा भाऊ ती सीडी फायलीत, फाइल पिशवीत आणि पिशवी छातीशी धरून डॉक्टरांसमोर बसतो. डॉक्टर फिल्म उजेडाला धरतात, रिपोर्ट वाचतात, सीडी परत देतात.

“हे नाही बघायचं का सर?”

“ते राहू द्या तुमच्यापाशी. जपून ठेवा.”

म्हणून भाऊ ती जपतो. घरी गेल्यावर कुठं ठेवायची हा प्रश्नच नसतो. शालूखाली जागा असते.

एकंदरीत डिस्क जपण्यात मराठवाडा मागास नाही. तिच्यावर जे आहे ते जपलं जातं की नाही, एवढाच मुद्दा बाकी होता आणि तो आमच्या लातूरच्या साडूंनी हातात घेतला.

साडूंना सगळे अण्णा म्हणतात. लातूरच्या एका महाविद्यालयात ते ग्रंथपाल होते आणि निवृत्त होऊनही ग्रंथपालच आहेत. नव्वदच्या दशकात पुस्तकांच्या शेवटच्या पानाला सीडी चिकटून यायला लागली, तेव्हापासून त्यांच्या मनात एक यंत्र घर करून होतं. सीडीच्या ड्राइव्हची चळत, एकावर एक सात किंवा चौदा, आणि ती सगळी चळत लॅनला जोडलेली. वाचकानं आपल्या टेबलावरून हवी ती सीडी उघडायची, सीडीला मात्र हात कुणीच लावायचा नाही. मोठ्या शहरांतल्या संस्थांत अशी यंत्रं आली होती. अण्णांनी रीतसर मागणीपत्र दिलं. प्राचार्यांनी विचारलं, “याच्यात किती पुस्तकं बसतात?” अण्णा म्हणाले, “हजारो, सर.” प्राचार्य म्हणाले, “मग आत्ताची कपाटं कुठं ठेवायची? ती परवाच रंगवली.” मागणीपत्र तिथंच संपलं. त्याऐवजी काचेचं एक कपाट आणि एक कुलूप मंजूर झालं. नियमाप्रमाणं प्रत्येक सीडीवर महाविद्यालयाचा गोल शिक्का मारायचा होता. शिपायानं तो चकचकीत बाजूवर मारला, कारण त्या बाजूला तो उठून दिसायचा.

अण्णांच्या मनातली ही सल न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलानं दूर केली. त्याला तिकडं कुणाच्या तरी गॅरेजमधून चारशे डिस्कचा चेंजर मिळाला. १ ऑक्टोबर १९८२ला सोनीनं पहिला सीडी प्लेअर जपानात विकायला आणला, तेव्हा त्यात एक डिस्क मावत होती. पुढं त्याच कंपनीनं तीनशे-चारशे डिस्क पोटात घेणारे चेंजर काढले. अमेरिकेतल्या घरांत ते ऐटीत मिरवले आणि सगळं इंटरनेटवर दिसायला लागल्यावर गॅरेजात गेले. तिथून हे धूड लातूरला आलं ते अण्णांच्या विहीणबाईंच्या सामानातून. जाताना त्यांच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि लोणचं होतं. येताना हे. कस्टमवाल्यानं विचारलं, “यह क्या है?” विहीणबाई म्हणाल्या, “जावई का प्यार है.” त्यानं सोडून दिलं.

असलं यंत्र मुळात का जन्माला आलं, हे समजायला व्हीसीडीचे दिवस आठवावे लागतात. व्हीसीडी १९९३ची. एका चकतीवर साधारण ७४ मिनिटं. हिंदी सिनेमा अडीच-तीन तासांचा, म्हणजे दोन चकत्या आणि गाणी जास्त असली तर तीन. गणपतीत आपल्याकडं गल्लीगल्लीत टीव्ही आणि प्लेअर रात्रभरासाठी भाड्यानं आणायचे, सोबत तीन सिनेमे. नायिकेचा बाप पिस्तूल काढायला आणि चकती संपायला एकच गाठ पडायची. मग एकजण उठायचा. चकती बदलणारा हा पोरगा मंडळात अध्यक्षापेक्षा वजनदार, कारण अध्यक्षाला दुसऱ्या भागाची चकती कुठंय ते माहीत नसायचं. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि सिनेमा चहा-भज्यांच्या भावात आला. त्या कंपनीचं पुढं दिवाळं निघालं आणि २०१८मध्ये ती मोडीत काढायचा आदेश झाला. तिच्या चकत्या अजून आमच्या भागात ज्वारी राखतात.

तर माणसानं उठू नये म्हणून चेंजर जन्मला. अण्णांकडं आल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं सगळं घर उठवलं. अमेरिकेतलं यंत्र ११० व्होल्टवर चालणारं आणि लातुरात २३०. म्हणून यंत्राइतकाच जड एक ट्रान्सफॉर्मर आणला. तो कोपऱ्यात बसून घुंई करतो. आत गोल चक्र आणि चक्रात चारशे खाचा. डिस्क त्यात उभ्या राहतात. अण्णा यावर फार खूश झाले. डिस्क आडवी साठवू नये, पुस्तकासारखी उभी ठेवावी, हे शास्त्र आहे आणि ते पाळणारी वस्तू त्यांना घरात प्रथमच भेटत होती.

खरा पेच पडला तो खण वाटताना. ग्रंथपाल म्हटल्यावर ड्यूईचं दशांश वर्गीकरण आलंच. विषयाचा क्रमांक तोच खणाचा क्रमांक. तत्त्वज्ञान १०० पासून, धर्म २०० पासून, समाजशास्त्र ३०० पासून, भाषा ४००. इथं खण संपले. विज्ञान, कला, साहित्य आणि इतिहास यंत्राबाहेर राहिले. सिनेमाचा क्रमांक ७९१, त्यामुळं सिनेमे आपोआप बाद. विवाहविधी ३९२मध्ये. खण एक आणि दावेदार दहा-बारा, पैकी दोघे एकमेकांशी बोलत नाहीत असे. हिंदू धर्म २९४.५ आणि शीख धर्म २९४.६. खणाला दशांश चिन्ह नसल्यामुळं माहूरच्या यात्रेत घेतलेली रेणुकेची गाणी आणि नांदेडला गुरुद्वाऱ्याबाहेर घेतलेलं शबद-कीर्तन एकाच खाचेपाशी येऊन थांबलं. अण्णा दोन्ही हातांत दोन डिस्क घेऊन उभे. तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून आल्या. अक्का म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची थोरली बहीण.

“काय करायलाव ओ सकाळधरनं?”

“वर्गीकरण.”

“त्यात काय वर्गीकरण? आधी माझ्या माहेरचे लग्नं लावा. मग तुमच्याकडचे. उरल्या खणात देव.”

ड्यूईनं १८७६ साली पुस्तक छापून जी पद्धत रूढ केली, ती लातुरात एका वाक्यात निकालात निघाली. नवी पद्धत अधिक शास्त्रशुद्ध होती हे मान्य करावं लागेल, कारण तिच्यात चारशेच्या चारशे खण भरत होते.

आता नेटवर्क. हा भाग मुलानं न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर उभा केला. चेंजर जुना, त्याला इंटरनेट माहीत नाही. पण त्याला रिमोट कळतो. म्हणून त्याच्यासमोर एक छोटी डबी ठेवली. ती वायफायवरून हुकूम घेते आणि रिमोटचे अदृश्य किरण चेंजरवर सोडते. सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर ॲप आलं. यादीतला खण दाबा, लातुरात चक्र फिरणार, डिस्क लागणार. अण्णांचं नव्वदच्या दशकातलं मागणीपत्र अखेर मंजूर झालं. फक्त एक तांत्रिक मर्यादा होती. हुकूम जगातून कुठूनही सोडता येत होता, दर्शन मात्र लातूरच्या टीव्हीवरच.

तरी लोकांनी हुकूम सोडले. आपल्या माणसाला बटण मिळालं की ते दाबलं जातंच. पुण्याची भाची दुपारी स्वतःचं लग्न लावायची आणि फोन करून विचारायची, “लागलं का?” अक्का सांगायच्या, “लागलंय. हळद चालूय. तू लई रडायलीस.” भाचीचं समाधान व्हायचं. तेवढ्यात उदगीरचे मामा आपला साठीशांतीचा खण दाबायचे आणि हळद अर्ध्यात थांबून होम पेटायचा. न्यू जर्सीत संध्याकाळी पोरांच्या हातात फोन आला, की लातुरात पहाटे चक्र घरघरायला लागायचं. पहिल्या वेळी अक्का मुसळ घेऊन बाहेर आल्या होत्या. समोर अंधारात टीव्ही लागलेला आणि त्यात त्यांचे स्वर्गवासी सासरे जिलेबी खातायत. त्या म्हणाल्या, “मामंजी, आवाज बारीक करा.” नेटवर्क म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या यंत्रावर हक्क सांगण्याची सोय, हे आमच्या नातेवाइकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

हे चित्र फार दिवस टिकलं नाही. चाललं ते पुण्याच्या भाचीचं आणि आणखी दोन-चार, कारण त्या डिस्क अमेरिकेतल्या जावयांसाठी वेगळ्या पद्धतीनं लिहून घेतलेल्या होत्या. बाकीच्या डिस्क घातल्या की चेंजर त्या चाटून बघायचा आणि बाहेर टाकायचा. आपल्याकडची शूटिंग पाल पद्धतीची आणि हे यंत्र अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीशिवाय दुसरं काही न मानणारं. शिवाय विकत मिळणाऱ्या डीव्हीडीला प्रदेशाचा क्रमांक असतो, अमेरिकेचा १ आणि भारताचा ५. चारशे खणांच्या त्या बंगल्यात आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. मुलगा म्हणाला, “बाबा, सोपं आहे. प्रत्येक डिस्क कॉम्प्युटरवर उतरवायची, एनटीएससी करायची आणि नव्या डिस्कवर लिहायची.” अण्णांनी मला नांदेडहून बोलावून घेतलं. “पाव्हणं, या. राष्ट्रीय कार्य आहे.”

उतरवायचं म्हणजे आधी पुसायचं. इथं अण्णांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेनं २००३ साली काढलेली डिस्क जपण्याची नियमावली छापून भिंतीला लावली. ती वाचून अक्कांनी डोळे मोठे केले. डिस्क कडेनं किंवा मधल्या भोकात बोट घालून धरावी. ऊन दाखवू नये. वाकवू नये. चिकटपट्टी किंवा स्टिकर लावू नये. साठवण ४ ते २० अंश सेल्सिअसमध्ये असावी. अक्का म्हणाल्या, “म्हणजे हिला फ्रिजात ठिवा आन् आपण पत्र्याखाली बसा.” मे महिन्यात लातूर चाळिशीच्या पुढं जातं आणि नांदेड त्याच्याही पुढं. वीस अंश म्हणजे आमच्याकडं थंडीच्या दिवसांत अंघोळ टाळायचं कारण.

पाण्याचाही प्रश्न होता. फार मळलेली डिस्क पाण्यानं धुवावी, असं कुणीतरी सुचवलं. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात ही सूचना जपूनच करायला हवी होती. अक्कांनी एवढंच विचारलं, “धुतलेलं पाणी झाडाला चालंल का?”

पण खरी लढाई पुसण्याच्या दिशेवर झाली. आपल्याकडं डिस्क पुसायची एक पिढीजात पद्धत आहे. तोंडाची वाफ सोडायची आणि पदरानं किंवा बनियनच्या टोकानं गोल गोल घासायची. हट्टी डाग असला तर टूथपेस्ट. नियमावली सांगते, गोल पुसू नका, मधून कडेकडं सरळ रेषेत पुसा. का, ते अक्कांना पटेना. तेव्हा अण्णांनी लातूरकराला कळेल असा नकाशा काढला.

“हे बघ, ही डिस्क म्हणजे आपली गंजगोलाई. मधी भोक, तिथं अंबाबाईचं देऊळ. वाचणारा किरण देवळापासून निघतो आणि गोलाईला फेऱ्या मारत मारत बाहेर येतो. एका सीडीवर ह्या फेऱ्या उलगडल्या तर पाच किलोमीटरच्या वर भरतात. आता तू देवळापासून सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यानं सरळ बाहेर ओरखडा काढलास, तर प्रत्येक फेरीत एक खड्डा. किरण खड्ड्यावरून उडी मारून जातो. पण तू गोलाईच्या दुकानांसमोरून गोल ओरखडा काढलास, तर फेरीच्या फेरी उखडली. किरणानं जायचं कुठून?”

अक्का गोलाईत रोज भाजीला जाणाऱ्या. त्यांना लगेच पटलं. “म्हणजे महापालिका खोदते तसं.”

“अगदी तसं.”

तो किरण उडी कशी मारतो, हेही अण्णांनी सांगितलं. रीड आणि सॉलोमन या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली एक पद्धत काढली. तिच्या आधारानं सीडीवरची माहिती विस्कटून, हिशेबाचे जादा आकडे घालून लिहितात. त्यामुळं वाटेत सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा पुसला गेला, तरी यंत्र उरलेल्या आकड्यांवरून तो भरून काढतं. मला यात आमच्या आत्याबाईंची आठवण झाली. लग्नाच्या हकिगतीतलं निम्मं त्यांना ऐकू आलेलं नसतं, तरी त्या सगळं बरोबर सांगतात.

सगळ्यात धक्कादायक माहिती शेवटी आली. सीडीची नाजूक बाजू चकचकीत नाही, छापील आहे. चकचकीत बाजूवर एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक असतं, ओरखडा त्यातच जिरतो. माहिती असते ती वरच्या बाजूला, लेबलाखाली, पातळ लाखेच्या थराआड. तिथं खरवडलं की गेलं. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकांच्या मधोमध असतो, म्हणून ती जरा सोशिक. हे ऐकून घरात शांतता पसरली. गेली कित्येक वर्षं खंडेनवमीला या घरात सगळ्या सीडींची पूजा होते आणि गंध, हळद, कुंकू, वर एक झेंडूची पाकळी, सगळं छापील बाजूवर, कारण ती बाजू सुलटी. दुसऱ्या दिवशी सुकलेलं गंध नखानं खरवडून काढायचं काम घरातल्या धाकट्या पोराकडं. कॉलेजच्या त्या शिपायाला अण्णांनी मनातल्या मनात अर्धी माफी दिली. त्यानं निदान सोशिक बाजू निवडली होती.

मग उतरवणं सुरू झालं. बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह, एक जुना कॉम्प्युटर आणि समोर सगळं घर. कुणाचं लग्न उतरतंय हे बघायला शेजारपाजारही आले. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये धातूच्या थराशेजारी रंगाचा एक थर असतो, तो उन्हानं आणि उष्म्यानं हळूहळू उडतो. स्वस्तातल्या डिस्का आधी गेल्या होत्या. एका लग्नात अक्षता पडेपर्यंत सगळं ठीक आणि मग चित्राचे चौकोन झाले. नवरदेवाचं नाक मांडवाच्या खांबावर. दुसरी एक डिस्क निम्म्यावरच कोरी निघाली. ती भारनियमनाच्या दिवसांतली होती. फोटोग्राफर लिहीत असताना वीज गेली, त्यानं डबीत घालून तशीच दिली आणि एवढ्या वर्षांत ती कुणी उघडून न बघितल्यामुळं त्याची अब्रू शाबूत राहिली होती.

ज्या चांगल्या होत्या त्यांनी मात्र घरात वादळ उठवलं. आपल्याकडच्या शूटिंगमध्ये निम्मा वेळ पंगत असते. कॅमेरावाला तोंडावर दिव्याचा झोत टाकतो आणि समोरचा माणूस घास हातात धरून थांबतो. त्या पंगतीत कोण आलं होतं आणि कोण नुसतंच ‘आलो होतो’ असं आजवर सांगत होतं, याचा सगळा हिशेब निघाला. आहेराची पाकिटं मोजताना कोण डोकावत होतं तेही निघालं. अक्कांना आपली हरवलेली बोरमाळ एका नणंदेच्या गळ्यात स्पष्ट दिसली. त्यांनी चित्र थांबवायला लावलं, मोठं करायला लावलं, पुन्हा मागं न्यायला लावलं. कोर्टात सीडी पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. अक्कांना लागलं नाही. नणंदेला त्याच मिनिटाला फोन गेला.

डिस्कांचा ढीग उतरवून संपला, तेव्हा अण्णांनी हिशेब मांडला. एका साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी. चारशे खण पूर्ण भरले तरी १,८८० जीबी. मुलानं पाठवलेली हार्ड डिस्क दोन टीबीची, शर्टाच्या खिशात मावणारी. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, चक्र, डबी, ॲप आणि चारशे खणांचा तो सगळा संसार त्या खिशात बसून वर जागा शिल्लक. चेंजरमध्ये घालण्यासाठी म्हणून जे काम केलं, त्या कामानंच चेंजरची गरज संपवली. अण्णा बराच वेळ त्या यंत्राकडं बघत होते.

मी म्हटलं, “अण्णा, झालं की मग. आता ही हार्ड डिस्क शालूखाली ठेवून द्या.”

अण्णा भडकले. ग्रंथपाल भडकला की इतिहासात शिरतो. “पाव्हणं, माहूर तुमच्या जिल्ह्यात ना? महानुभावांच्या पोथ्या कशा टिकल्या ते माहितंय? एक पोथी पेटीत घालून नाही टिकली. म्हाइंभटांचं लीळाचरित्र परचक्रात गेलं, तेव्हा लोकांनी आठवून आठवून पुन्हा लिहिलं आणि मठामठांतून त्याच्या नकला होत राहिल्या. पुढं त्यांनी ग्रंथ सांकेतिक लिपीत घातले. सकळ लिपी, सुंदरी लिपी. ग्रंथ सुखरूप, पण ज्याला लिपी येत नाही त्याला कोरा कागद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी किल्ली शोधली, तेव्हा बाहेरच्यांना वाचता आलं. तुमच्या लग्नाच्या डीव्हीडीची किल्ली शोधायला कोण राजवाडे येणार?”

मला काही बोलता आलं नाही. आमच्या लग्नाची डीव्हीडी फिरते तरी का, याचीच मला शंका होती.

अण्णांचं म्हणणं एवढंच, की जपणं म्हणजे ठेवणं नव्हे, उतरवणं. यंत्रं जातात, पद्धती जातात, हार्ड डिस्कही एक दिवस टकटक करून बसते. जे दर काही वर्षांनी नव्या जागी उतरवलं जातं आणि उतरवताना कुणीतरी बघतं, तेवढंच राहतं. म्हणून त्यांनी तीन प्रती केल्या. एक लातूर, एक न्यू जर्सी, एक नांदेड. नांदेडची माझ्या स्वाधीन, रजिस्टरवर सही घेऊन. शिवाय अट अशी, की ग्रंथालयात वर्षअखेरीस होते तशी साठ्याची पडताळणी दरसाल होईल. पाडव्याला प्रत्येक प्रत जोडून, उघडून, प्रत्येक लग्न थोडं थोडं चालवून बघायचं.

चेंजर अजून बैठकीत आहे. अक्कांनी त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलंय आणि वर टीव्हीचा नवा सेट-टॉप बॉक्स ठेवलाय. आत चारशे डिस्क उभ्या आहेत, शास्त्राप्रमाणं.

आमच्याकडची पहिली पडताळणी गेल्या पाडव्याला झाली. लातूरहून अण्णा आले, अक्का आल्या, उदगीरचे मामा आले आणि बोरमाळेचा खुलासा करायला ती नणंदही आली. हार्ड डिस्क जोडायला पाच मिनिटं लागली. पडताळणी चार दिवस चालली. शेवटच्या दिवशी पाहुण्यांची बस सुटल्यावर सौ. पुरणाचं पातेलं घासता घासता म्हणाल्या, “डिस्क शंभर वर्षं टिकती का नाही मला माहीत नाही. पण तुमच्या अण्णांना सांगा, पुढच्या वर्षीची पडताळणी न्यू जर्सीच्या प्रतीची करू.”